लाल टोपण, निळं टोपण

१२ जानेवारी

प्रिय वहिनी,

सा. न. वि. वि. वगैरे सगळं पोचलं असं धर आणि आधी सांग, नीट जेवतेस का? आई रोज विचारते आणि मी रोज "हो, दोन्ही वेळा" असं ठोकून देते.

फोनवर तुला रडू येतं म्हणून पत्र लिहितेस, हे बरंच झालं. मलाही फोनवर काही सुचत नाही. दादा गेला तरी त्याचं मूल हवं, असं तू ठरवलंस ना? मग मी तुझ्या बाजूने. बाबा गप्प आहेत, पण त्यांचं गप्प बसणं म्हणजे नकार नव्हे, हे तुला माहीत आहे.

आता कामाचं. दादाने आजारपणाची औषधं सुरू व्हायच्या आधी इथे नमुना देऊन ठेवला, तेव्हा मी या लॅबमध्ये लागले नव्हते. त्या दिवसांत इथे दोन पद्धतींची तुलना चालली होती. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करायचे. एका भागावर नुसतं स्वच्छ द्रव घालायचं, नळी तिरकी ठेवायची आणि उबेत वाट बघायची. ज्या शुक्राणूंच्या अंगात धमक आहे ते आपले आपण पोहत वर येतात, तेवढेच घ्यायचे. त्याला निळं टोपण. दुसरा भाग दाट द्रवाच्या थरांवर ओतायचा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचा. चांगले असतील ते थर भेदून तळाशी जातात, कचरा वर राहतो. त्याला लाल टोपण. मग दोन्ही गोठवून टाकीत ठेवायचे. दादाची एक लाल नळी आहे आणि एक निळी. वितळवल्यावर लालमधले जास्त जगतात असं आमची तुलना सांगते, म्हणून आमच्या लॅबच्या मॅडमचं मत लाल वापरावी असं पडलं. तुझी बीजं गोठवून तयार आहेतच.

सोमवारी दुपारी सगळ्या लाल नळ्यांची तपासणी झाली. इथे नियम आहे की नळी उचलली की दोघांनी तिच्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं, एकाने वाचलेलं चालत नाही. नातेवाइकाच्या नळीला मी हात लावायचा नाही, पण वाचायला उभी होते. दादाचं पूर्ण नाव असं खणखणीत म्हणायची वेळ शाळेनंतर पहिल्यांदाच आली. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा वाच, नीट ऐकू आलं नाही." पुन्हा वाचलं.

तुझी,
भिंगरी


१८ जानेवारी

प्रिय भिंगरी,

जेवते. आईंना सांग, भाजीसुद्धा करते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग सोमवार कुठला ते बोटांवर मोजून पाहिलं. आता लिहिते त्यावर हसू नकोस.

त्या सोमवारी दुपारी मी मशीनवर पडद्यांच्या पट्ट्या मारत होते. बाहेर लख्ख ऊन, खिडक्या बंद. एकदम पाय गार पडले. मग पॅसेजमध्ये कोणीतरी चाललं. कापडं बेतायच्या टेबलाला धक्का बसला आणि कात्री खाली पडली. मग बाथरूमचं दार उघडलं, थोडा वेळ काहीच नाही, मग ते लागलं आणि स्वयंपाकघराचं उघडलं. मी उठून तिथे गेले. ओट्यापाशी गारवा उभा होता. वारा नाही, नुसता गारवा, माणसाच्या उंचीचा. मी त्यात हात घातला तर बोटं बधिर झाली. भीती वाटली नाही असं लिहिणार होते, पण वाटली. वाटली तरी मी हात काढला नाही.

थोड्या वेळाने तो गेला. मग मी ओट्यापाशीच बसून खूप रडले, पण ते बरं वाटायचं रडणं होतं.

तू त्याचं नाव मोठ्याने घेतलंस आणि तो आला. मी काही खुळी नाही गं. पडद्यांचं एकही माप अजून चुकलेलं नाही. पण तो आला होता. भिंगरी, ते नाव पुन्हा वाच.

तुझी,
वहिनी


२५ जानेवारी

प्रिय वहिनी,

हसले नाही. आधी घाबरले, मग तुझ्याकडे निघून यावं असं वाटलं, मग आई काय विचारेल या धास्तीने बसून राहिले.

एक मात्र मला पटत नाही. दिवे गेले की आपण दोघी काडेपेटी शोधत बसायचो आणि हा पठ्ठ्या तेवढ्यात अंधारातून बिस्किटांचा डबा घेऊन यायचा. तो स्वतःच्या घरात बाथरूम आणि स्वयंपाकघर यात चुकेल? आणि ते टेबल त्याने स्वतः तिथे लावलंय. त्यालाच धडकेल? मेल्यावर माणूस काय होतो ते मला ठाऊक नाही, पण दादा आणि वेंधळा, हे जमत नाही.

तर आपण असं करू. आमची जुनी टाकी बदलायची आहे. सगळ्या नळ्या एकेक उचलून, नावं वाचून, दुसऱ्या टाकीत हलवायच्या आहेत. लाल एका दिवशी, निळ्या दुसऱ्या दिवशी. कोणत्या दिवशी कोणत्या ते मी तुला लिहीत नाही. तू फक्त मला कळव, कधी काय झालं. काहीच झालं नाही तर तसं कळव आणि मग आठवडाभर माझ्याकडे राहायला ये.

एवढं झालं की मात्र मी मुद्दाम नळी उचलायला लावणार नाही. उचलली की तेवढी ऊब लागते, आणि प्रत्येक वेळी आतले काही मरतात. तुला मूल हवंय ना?

तुझी,
भिंगरी


५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

बुधवारी आणि शनिवारी. दोन्ही वेळा दुपारीच.

बुधवारी आधीसारखाच आला. टेबलाला धडकला. बैठकीच्या खोलीत दिव्याचं बटण दाराच्या उजवीकडे आहे, तर डावीकडची भिंत चाचपत राहिला. भिंतीवर दवासारखं पाणी धरलं होतं, हाताच्या रुंदीचे पट्टे. मी "इकडे, इकडे" म्हणत राहिले. नंतर खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. तो तिथे कधी बसायचा नाही, पण म्हटलं, इतके दिवस कुठे कुठे असेल, विसरला असेल.

शनिवारी मात्र पावलांचा आवाजच नाही. मी आत चादरींच्या घड्या घालत होते. बाहेर आले तर इस्त्रीचा प्लग काढून ठेवलेला, वायर गुंडाळलेली, त्याच्या पद्धतीने, शेवटचं टोक आत खोचून. मी इस्त्री चालूच ठेवून आत गेले होते. तुला माहीत आहे यावरून तो मला किती बोलायचा. मशीनजवळ गारवा होता, पण तो बोचणारा नव्हता, माठाला हात लावावा तेवढाच. मी "अहो" म्हटलं. मशीनचं चाक अर्धं फिरलं. तो येता-जाता असंच फिरवायचा आणि माझा दोरा तुटायचा. आताही तुटला.

भिंगरी, त्याला घर आठवायला लागलंय.

तुझी,
वहिनी


९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हे शांतपणे वाच. शक्य असेल तर बसून वाच.

बुधवारी लाल नळ्या हलवल्या. शनिवारी निळ्या.

त्याला घर आठवायला लागलेलं नाही. तुझ्याकडे येणारी माणसं दोन आहेत.

इस्त्रीचं वाचल्यावर मी इथे जिन्यात जाऊन रडले. तो दादाच. त्यात मला शंका नाही. पण लाल नळी उचलून आम्ही दादाचं नाव वाचतो तेव्हा जो येतो, तो कोण? आत जो आहे तो हाक ऐकून निघतो आणि ज्याचं नाव घेतलं त्याच्या पत्त्यावर येतो, असंच ना? म्हणून त्याला दारं कळत नाहीत. तो परक्या घरात आलेला असतो.

असलं काही लॅबमध्ये सांगितलं तर मला वेड्यात काढतील. म्हणून मॅडमना एवढंच म्हटलं की नळ्या जुन्या आहेत, वापरण्याआधी माझ्या मनाची खात्री करून द्या. दोन्ही नळ्यांतला एकेक कण खरवडून तपासणीला गेलाय. बाबांच्या गालातून कापसाने नमुना घेतला. बापाकडून मुलाकडे जे जसंच्या तसं जातं ते जुळवून बघणार आहेत. बाबांनी विचारलं, "कशासाठी?" मी म्हटलं, "नियम आहे." त्यांनी निमूटपणे तोंड उघडलं.

निकाल येईपर्यंत लाल वापरायला होकार देऊ नकोस. आणि तो दुसरा आला तर त्याच्याशी बोलू नकोस.

तुझी,
भिंगरी


१३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

निकाल कशाला हवा? मला कळलं. तुम्ही कण खरवडलेत त्या दिवशीही दोघं येऊन गेले, एक धडपडत, एक पावलं न वाजवता.

निळी नळी वितळवू नका. तिला टाकीत राहू दे आणि रोज, रोज जमत नसेल तर आठवड्यातून एकदा, तिला उचलून त्याचं नाव वाचा. मला मूल नको. मला हा हवा. मी इस्त्री चालू ठेवून बसते. तीन दिवस झाले, प्लग मलाच काढावा लागतो.

तुला हे वाचून माझा राग येईल. येऊ दे. तू इथे नव्हतीस, तुला चाकाचा आवाज ऐकू आला नाही.

तुझी,
वहिनी


२ मार्च

प्रिय वहिनी,

राग आला होता, खोटं कशाला बोलू. म्हणून लगेच लिहिलं नाही. आता निकाल आलाय.

निळी दादाची आहे. लाल नाही.

चूक कशी झाली तेही मॅडमनी शोधून काढलं. सेंट्रिफ्यूजमध्ये एक नळी ठेवली की समोर तेवढ्याच वजनाची दुसरी ठेवावी लागते, नाहीतर यंत्र थडथडतं. समोर पाण्याची नळी ठेवायची, असा नियम. पण दोन माणसांचे नमुने बरोबर आले की आधीचे लोक पाण्याची नळी भरायचा कंटाळा करायचे आणि त्या दोघांच्याच नळ्या एकमेकांसमोर लावायचे. काम भराभर उरकायचं. नाव तेव्हा टोपणावर लिहायचे. फिरवून झालं, दोघांची टोपणं एकदम काढली आणि लावताना याचं त्याला लागलं. झालं. निळ्या नळ्या यंत्रात गेल्याच नाहीत, आपापल्या जागी उबेत उभ्या होत्या, म्हणून त्या वाचल्या.

तो दुसराही आता नाही. त्याच्या बायकोने त्याच्या नावाच्या दोन्ही नळ्या गेल्या वर्षी वापरल्या. रुजलं नाही. म्हणजे तिच्या लाल नळीत आपला दादा होता, वहिनी. हे लिहिताना माझ्या अंगावर काटा येतोय. त्या बाईंना वाटतंय त्यांच्या नवऱ्याचं आता काहीच उरलेलं नाही, आणि तो आपल्या टाकीत दादाचं नाव लावून बसलाय.

आता तुझं. निळीत मुळातच कमी आहेत आणि त्यातले उचलून उचलून आणखी गेलेत. तू म्हणतेस तसं दर आठवड्याला वाचलं तर वर्षभरात नळीत मेलेलंच उरेल. मग नाव वाचून कोण येईल, मला माहीत नाही. कोणी येईल का, तेही माहीत नाही. वितळवली तर दादा परत येणार नाही, पण त्याचं मूल होईल, कदाचित. मलाही दादा हवाय गं. मी इथे त्याच्यापासून चार पावलांवर काम करते आणि तो माझ्याकडे एकदाही आला नाही. पण हे तूच ठरवायचं. मी दोन्हीकडून तुझीच आहे.

तुझी,
भिंगरी


२० मार्च

प्रिय भिंगरी,

वितळवा.

एकच अट. त्याला यंत्रात घालू नका. मॅडमना जास्त मिळत असतील लालच्या पद्धतीने, मिळू देत. त्याचं असेल त्याने आपलं आपण वर यावं. जेवढे येतील तेवढे पुरे.

आणि नाव वाचताना घाई करू नका. दिवस ठरला की कळव, मी काम घेणार नाही, दिवसभर घरीच असेन.

तुझी,
वहिनी


२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

काल सोनोग्राफीचा फोटो आला. आईने तो उलटा धरून "नाक अगदी त्याच्यावर गेलंय" म्हटलं, आम्ही कोणी तिची चूक दाखवली नाही. बाबांनी चष्मा पुसून पुसून त्याची काच झिजवली.

एप्रिलमधल्या त्या दिवसाबद्दल तू अजून काही लिहिलं नाहीस, मी विचारतही नाही. माझ्या बाजूचं सांगते. नळी तिरकी ठेवली, वाट पाहिली. मॅडम म्हणाल्या, काही वर येईलसं वाटत नाही, थोडं फिरवून घेऊ या. मी तुझी अट सांगितली. त्या चिडल्या, पण थांबल्या. मग वरच्या थेंबात मोजकेच दिसले, आपल्याला लागणार होते त्याहून थोडे जास्त. एवढ्या मरगळलेल्या नमुन्यातून ते आपणहून आले याचं त्यांना अजून नवल वाटतं. मला नाही वाटत.

आता त्या दुसऱ्या बाईंचं. लॅबने त्यांना बोलावून सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या ओरडल्या नाहीत. "म्हणजे एक आहे अजून?" एवढंच विचारलं आणि मॅडमचे हात धरून बसल्या. तरुण आहेत, माझ्याहून लहान. टोपण बदललं, नळीवर त्यांच्या नवऱ्याचं नाव लावलं. मंगळवारी ते नाव पहिल्यांदा वाचून नळी त्यांच्या खणात हलवणार आहोत. मला राहवलं नाही, मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की मंगळवारी दुपारी घरीच थांबा, दार उघडं ठेवा. त्यांनी का म्हणून विचारलंच नाही. फक्त मान हलवली.

तर मंगळवारनंतर तुझ्या घरात कोणी परकं येणार नाही. सुटलीस.

तुझी,
भिंगरी


१२ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

एप्रिलचं आता लिहिते. तो आला, मशीनजवळ थांबला. मी खूप बोलले, काय बोलले ते माझ्यापाशीच राहू दे. संध्याकाळच्या आत खोलीतला गारवा निघून गेला, आणि तेव्हापासून हे घर इतकं उबदार आहे की मला इथे बसवत नाही. पंखा लावते, खिडक्या उघडते, काही उपयोग नाही. पोटात त्याचं मूल आहे, मला आनंद आहे, रोज त्याच्याशी बोलते. पण दुपार झाली की मी काम थांबवून पॅसेजकडे बघत बसते. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुला सांगते.

मंगळवारी तुम्ही त्या माणसाचं नाव वाचलंत. त्याचं खरं नाव.

तो इथेच आला.

या वेळी टेबलाला धडकला नाही. वळसा घालून आला. दिव्याचं बटण पहिल्या खेपेला सापडलं. येऊन त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, बाहेरून दमून आल्यासारखा. नळ्या हलवताना, कण खरवडताना आणि त्याआधी त्या सोमवारी, असं तीन वेळा तुम्ही त्याला आपल्या घरी पाठवलंत. तेवढ्यात त्याला वाट पाठ झाली असेल. किंवा आपलं घर कुठलं, हेच आता त्याला ठाऊक नसेल.

मला काय करायचं ते कळत होतं. मी पोट धरून उठले, बाहेरचं दार सताड उघडलं आणि म्हटलं, "हे तुमचं घर नाही. तुमच्या घरी दार उघडून कोणीतरी बसलंय. जा." तू सांगितलं होतंस म्हणून मला ती दिसत होती, तुझ्याहून लहान, मांडीवर हात ठेवून बसलेली. गारवा खुर्चीतून उठला. माझ्या शेजारून दारापर्यंत गेला आणि उंबरठ्यापाशी थांबला. मी काही म्हणायची वाट बघत होता. आणखी एकदा "जा" म्हटलं असतं तर गेला असता, मला खात्री आहे.

जिन्यातून गरम हवा आत येत होती. माझ्या उजव्या हाताला, खांद्यापासून बोटांपर्यंत, कितीतरी महिन्यांनी कोणीतरी शेजारी उभं होतं.

मी दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली.

तुझी,
वहिनी